परवा एआयबीई (वकिलीसाठीची ऑल इंडिया बार एक्झाम) देऊन आले, हा बेअर अ‍ॅक्ट्सचा (नुसता कायद्याचा मजकूर असलेल्या पुस्तकांचा) सेट घ्यावा का ते सांगते

5 पैकी 4 स्टार. सप्टेंबरात मागवलेला सेट आहे, पण रिव्ह्यू मुद्दाम थांबवून ठेवला होता, कारण ही पुस्तकं खरी कळतात ती परीक्षेच्या हॉलमध्येच. तारीख पुढे ढकलत ढकलत शेवटी 22 डिसेंबर आली आणि रविवारी पुण्यात दुपारी 1 ते 4 पेपर देऊन आले.

नुकतीच एलएलबी झालेल्यांसाठी थोडक्यात, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची वकिलीची सनद मिळाली तरी दोन वर्षांच्या आत ही परीक्षा पास व्हावीच लागते, 100 प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, ओपन आणि ओबीसीला 45 टक्के, एससी एसटीला 40 टक्के. बेअर अ‍ॅक्ट आत नेता येतात पण टिपा, कॉमेंट्री काही नको. म्हणून कॉलेजला वापरलेली जाड पुस्तकं कामाची नाहीत, त्यात पानोपानी निकाल आणि स्पष्टीकरणं असतात. या सेटमध्ये फक्त कायद्याचा मजकूर आहे, आणि दारावर तपासणाऱ्या मॅडमनी पानं चाळून लगेच परत दिली. माझ्या पुढच्या मुलाचं एक पुस्तक टिपा आहेत म्हणून बाहेर ठेवायला लावलं, त्याचा चेहरा बघवत नव्हता.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक कायदा वेगळ्या पुस्तकात आहे. एकाच जाडजूड पुस्तकात सगळं असलेले सेटही मिळतात आणि ते स्वस्त पडतात, पण बाक एवढासा असतो हो, त्यावर ओएमआर उत्तरपत्रिका, प्रश्नपत्रिका आणि शिवाय पुस्तक, जाड पुस्तक उघडं राहतच नाही, एक हात त्यावरच ठेवावा लागतो. पातळ पुस्तक मांडीवर ठेवून बघता येतं.

आता नवीन कायद्यांचं. आम्ही कॉलेजला आयपीसी (गुन्हे आणि शिक्षांचा कायदा), सीआरपीसी (फौजदारी कार्यपद्धतीचा) शिकलो आणि 1 जुलै 2024 पासून त्यांच्या आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी अनुक्रमे बीएनएस, बीएनएसएस, बीएसए लागू झाले, म्हणजे पाठ केलेले कलमांचे सगळे आकडे एका दिवसात बदलले. खून 302 चा 103 झाला, फसवणूक 420 ची 318 मध्ये गेली, पोटगीचं 125 आता 144. ते तरी ठीक, नंबर बदलला की नवा पाठ करायचा. मला छळलं ते 482 ने. सीआरपीसीत 482 म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करायला जातात ते, आणि बीएनएसएसमध्ये 482 म्हणजे अटकपूर्व जामीन! हायकोर्टाचे अधिकार गेले 528 ला. सराव पेपरात मी हे तीनदा चुकले, तिसऱ्यांदा चुकले तेव्हा रडूच आलं, कारण येत नव्हतं असं नाही, येत होतं ते जुनं होतं. सेटबरोबर जुन्या-नव्या कलमांचा तक्ता आहे तो वेगळ्या छोट्या पुस्तिकेत दिलाय, हे फार शहाणपणाचं केलंय, कारण तो बीएनएसच्या मागे छापला असता तर परीक्षेला चालेल का नाही ही धाकधूक राहिली असती. पुस्तिका बॅगेत बाहेर ठेवली, विषय संपला.

अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचं पुस्तक सगळ्यात बारीक आहे आणि मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं. कायदा 1961 चा, पण त्यातलं कलम 30, वकिलाला देशातल्या कुठल्याही कोर्टात काम चालवायचा हक्क देणारं, ते लागू झालं 15 जून 2011 ला. पन्नास वर्षं ते कलम कागदावर छापलेलं होतं पण लागू नव्हतं. मी ते सातारा-पुणे एसटीत वाचलं आणि खिडकीबाहेर बघत बसले बराच वेळ.

तक्रारी. सीपीसीचं (दिवाणी कार्यपद्धतीच्या कायद्याचं) बाइंडिंग अजिबात टिकत नाही, दोन महिन्यात ऑर्डर 21 पासूनची पानं सुटी झाली, आणि सुटे कागद बघून कुणी हरकत घेईल या भीतीने मी आदल्या रात्री डिंक लावत बसले होते. काँट्रॅक्ट अ‍ॅक्टला अनुक्रमणिकाच नाही. एक स्टार त्याचाच कापलाय. बाकी कागद बरा आहे, अक्षर डोळ्यांना त्रास देत नाही.

आणि घेणार असाल तर लवकर घ्या, परीक्षेच्या आठवड्यात घेऊन काही उपयोग नाही. आमचे सर म्हणायचे, पुस्तक खात्री करायला उघडायचं, शोधायला नाही. 100 प्रश्न आणि तीन तास, म्हणजे एकाला दोन मिनिटंसुद्धा येत नाहीत. मी रंगीत फ्लॅग लावले होते सगळ्या पुस्तकांना, तेही चालतात का नाही म्हणून आदल्या रात्री एकेक करून काढून टाकले, वाटलं आता काही सापडणार नाही. पण हॉलमध्ये बीएनएसएस उघडलं की बोट आपोआप बरोबर त्या पानापाशी जात होतं, चार महिन्यांची सवय हो. सगळी मिळून आठ-दहा वेळाच पुस्तकं उघडली असतील.

चार वाजता ओएमआर दिली. बोटाला पेनाची काळी शाई लागलेली, मान आखडलेली, आणि पुस्तकं बॅगेत भरताना हात इतके थरथरत होते की चेन लागेना. गेटबाहेर आप्पा सकाळपासून थांबले होते, त्यांनी आधी बॅग घेतली हातातून आणि मग विचारलं, काय गं, झालं का? म्हटलं झालं. त्यानंतर दोघंही काही बोललो नाही, समोरच्या टपरीवर चहा घेतला, मी दोन घेतले. एलएलबीला प्रवेश घेतल्यापासून पहिल्यांदाच उद्या काय वाचायचंय हे डोक्यात नव्हतं, ते इतकं मोकळं वाटलं की स्वारगेटला येईपर्यंत मला झोप लागली.

रिझल्ट लागायचाय. सेट वापरलेला विकणार का म्हणून दोघी मैत्रिणींनी विचारलं, नाही विकणार. बीएनएसएस कालच कोर्टात घेऊन गेले, एका जामीन अर्जासाठी लागलं. सीपीसी बाइंडिंगवाल्याकडे टाकलंय, शुक्रवारी देतो म्हणालाय.