सेसना डावीकडे ओढते म्हणून मी खूश होतो: दोन जॉयस्टिक, एक थ्रॉटल, १४ महिने

कॉम्प्युटरवर विमान उडवायला घेतलेल्या जॉयस्टिक आणि थ्रॉटलचा (इंजिनाची पॉवर कमी-जास्त करायची लिव्हर) बॉक्स उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी मी पण पाच स्टार देऊन मोकळा झालो होतो. तेव्हा लिहिलेलं वाचून आता माझं मलाच हसू येतं, "बिल्ड क्वालिटी एकदम सॉलिड" वगैरे, तीन दिवसांत काय डोंबल कळणार बिल्ड क्वालिटी. म्हणून १४ महिन्यांनी हे परत लिहितोय. या काळात एक स्टिक-थ्रॉटलचा सेट, वॉरंटीत बदलून आलेला त्याचाच जुळा भाऊ, मग दुसरी स्टिक आणि वेगळं थ्रॉटल एवढं सगळं हाताखालून गेलं. रोज साधारण तासभर उडवतो, बहुतेक मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, अधूनमधून डीसीएस हा लढाऊ विमानांचा सिम (म्हणजे सिम्युलेटर). एक गोष्ट आधीच सांगतो, ज्या कंपनीशी माझी बिघाडावरून मेलामेली झाली तिचं नाव घेणार नाही, ती चांगली वागली असली तरी नाही. माझ्या टेबलावरच्या एका पीसवरून अख्ख्या कंपनीचा निकाल लावण्यात अर्थ नाही.

तर पहिला सेट. दहा आठवडे मस्त चालला. मग सेसना १७२ टेकऑफला डावीकडे ओढायला लागली. आता गंमत अशी की सेसनासारखं पुढे पंखा असलेलं सिंगल इंजिनचं विमान टेकऑफला डावीकडे ओढतंच, पंखा पायलटच्या बाजूने बघितला तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्याचा टॉर्क, पंख्यामागून गोल फिरत येऊन शेपटीवर आदळणारी हवा, हे सगळं मिळून नाक डावीकडे जातं आणि उजवा रडर (शेपटीवरचं उभं पातं) द्यावा लागतो. हे मी वाचलेलं होतं. त्यामुळे मी खूश, वा काय फिजिक्स आहे, अपडेट आला वाटतं. दोन आठवडे मी या बिघाडाचं कौतुक करत होतो!

एके दिवशी ए३२० हे एअरबसचं जेट काढलं आणि तेही डावीकडे. त्याला कुठला आलाय तसा पुढचा पंखा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. विंडोजमधलं गेम कंट्रोलरचं कॅलिब्रेशन उघडलं, स्टिकवरचा हात काढून घेतला, तर रडरची रेघ मधल्यामध्ये थरथरतेय, मध्येच डावीकडे उडी मारतेय, परत येतेय. म्हणजे स्टिक पिळून रडर द्यायचा जो ट्विस्ट असतो, तो गेला.

कारण तसं साधं आहे. त्या ट्विस्टला पोटेन्शिओमीटर होता. आत कार्बनचा पट्टा असतो आणि त्यावर घासत फिरणारा एक पातळ धातूचा तुकडा, तो कुठे टेकलाय त्यावरून स्टिक किती वळली ते कळतं. घासतो म्हटल्यावर झिजणार, आणि झिजतो तो नेमका मधोमध कारण उडवताना हात सगळा वेळ सेंटरच्या आसपासच बारीक बारीक हलत असतो. धूळ बसली की अजून वाईट. याला पर्याय म्हणजे हॉल सेन्सर, त्यात चुंबक आणि सेन्सर एकमेकांना टेकतच नाहीत त्यामुळे ही झीज नाही. तत्त्व जुनंच आहे, एडविन हॉलने १८७९ साली शोधलेलं.

पण इथेच मी फसलो. माझ्या बॉक्सवर ठळक अक्षरात हॉल सेन्सर लिहिलेलं होतं! ते खोटं नव्हतं हो, पण ते फक्त स्टिक पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलते त्या दोन अ‍ॅक्सिसपुरतं. ट्विस्ट साधा, थ्रॉटलवरची गोल चाकं साधी. असं बऱ्याच मॉडेलमध्ये असतं, त्यामुळे घेताना "हॉल आहे का" असं विचारू नका, "कुठल्या कुठल्या अ‍ॅक्सिसला आहे" असं विचारा, आणि ट्विस्टचं तर आवर्जून विचारा. उलट बाजू पण सांगतो नाहीतर अन्याय होईल, पोटेन्शिओमीटर म्हणजे भंगार असंही काही नाही. सीएच प्रॉडक्ट्सच्या जुन्या स्टिक पोटेन्शिओमीटरवाल्याच होत्या आणि वर्षानुवर्षं टिकण्याबद्दलच त्यांचं नाव आहे. पार्ट कुठल्या दर्जाचा टाकलाय त्यावर खूप आहे, आणि ते बॉक्सवर कुणी छापत नाही.

तात्पुरता इलाज म्हणून डेडझोन लावला. म्हणजे मधल्या ठरावीक हालचालीकडे सिमने दुर्लक्ष करायचं. आधी ५ टक्के, मग ८, मग १२. १२ टक्क्यांना थरथर बंद झाली पण आता हात थोडा पिळला तर काहीच होत नाही, अजून पिळला तर एकदम झटका. आडव्या वाऱ्यात लँडिंगला शेवटच्या काही सेकंदात नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं असतं तिथे नेमकी बारीक हालचालच लागते, आणि मी तीच बंद करून बसलो होतो. हेलिकॉप्टर तर सोडूनच दिलं, ट्विस्टला डेडझोन असताना हवेत एका जागी थांबणं (हॉवर) म्हणजे साबणावर उभं राहणं.

मग सपोर्टला लिहिलं. पहिलं उत्तर आलं, दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावून बघा. मी वैतागलो, पण नंतर कळलं की हा सल्ला वेडगळ नव्हता. दिवेबिवे असलेल्या सेटला करंट कमी पडला की न दाबलेली बटणं आपोआप दाबली जातात, आणि विंडोज वीज वाचवायला यूएसबी झोपवतं त्यानेही स्टिक मध्येच गायब होते. स्वतंत्र अडॅप्टरवाला यूएसबी हब लावला तर अर्ध्या भुताटक्या तिथेच संपतात. माझी त्यातली नव्हती एवढंच.

त्यानंतर ड्रायव्हर अपडेट करा. केला. व्हिडिओ पाठवा. पाठवला. बिल पाठवा. पाठवलं. सिरियल नंबरचा फोटो पाठवा, तो स्टिकर बेसच्या खाली, इतक्या फिकट शाईत की टॉर्च तिरका धरून चार फोटो काढावे लागले. प्रत्येक उत्तराला दोन-तीन दिवस आणि प्रत्येक वेळी वेगळा माणूस, आधीचं काही न वाचता सुरुवात करणारा. मध्ये एकदा मी फोनवरून दुसऱ्या मेल आयडीने उत्तर दिलं (चूक माझीच) तर ते तक्रारीच्या तिकिटाला जोडलंच गेलं नाही आणि सात दिवसांनी "तुमच्याकडून प्रतिसाद नाही" म्हणून तिकीट बंद. परत पहिल्यापासून. आणि गंमत म्हणजे मला हवा होता एक नखाएवढा पार्ट, तो द्या मी बसवतो म्हटलं, तर सुटे पार्ट देत नाही, अख्खा सेट परत पाठवा. थ्रॉटल ठणठणीत असताना तेही पॅक करून पाठवलं, कुरिअर माझ्या खर्चाने. एकूण सात आठवडे लागले. दिला मात्र नवा कोरा सेट, ते मान्य करतो.

आणि तीन महिन्यांनी त्याचाही ट्विस्ट गेला. जाणारच होता, पीस नवा होता पण पार्ट तोच. वॉरंटी शिल्लक होती पण माझ्यात परत तो मेलांचा खेळ खेळायची ताकद शिल्लक नव्हती. बेसच्या खालचे रबरी पाय उचकटले, त्याखाली लपवलेले स्क्रू काढले, कॉन्टॅक्ट क्लिनर मारला, ट्विस्ट पन्नास वेळा इकडून तिकडे फिरवला. एकदम नव्यासारखं! तीन आठवडे. मग परत थरथर, अर्थात, क्लिनरने घाण निघते, झिजलेला कार्बन परत येत नाही.

दुसरी स्टिक घेताना मग मी उलट्या बाजूने शोधलं. फीचर नंतर, आधी हे बघितलं की सुटे पार्ट विकत मिळतात का, बेस उघडायची माहिती कंपनी स्वतः देते का, आणि मॉडेल बाजारात किती वर्षं आहे. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. थ्रस्टमास्टरचा वॉर्टहॉग २०१० चा, ए-१० सी विमानाच्या स्टिकची नक्कल, आत चेंडूसारखा प्लॅस्टिकचा सांधा आणि ग्रीस, ते ग्रीस चिकट होतं अशी कुरकुर पहिल्यापासून ऐकू येते. पण इतकी वर्षं विकला गेल्यामुळे त्याच्या प्रत्येक दुखण्यावर कुणीतरी औषध लिहून ठेवलंय. सायटेकचा सिम विभाग २०१६ ला लॉजिटेकने घेतला, म्हणजे जुन्या स्टिकवर एक नाव आणि नवीनवर दुसरं, तिथे सेकंडहँड घेताना ड्रायव्हर आणि मॉडेल नीट जुळवून बघावं लागतं. व्हर्पिल या कंपनीचं आवडलं होतं, आतले कॅम (आकार दिलेले तुकडे) आणि स्प्रिंग बदलून स्टिकचा हाताला लागणारा जोर आपल्याला हवा तसा करता येतो, पण बेस आणि ग्रिप वेगवेगळे घ्यायचे म्हटल्यावर माझं बजेट हात जोडून उभं राहिलं.

शेवटी व्हीकेबीची ग्लॅडिएटर एनएक्सटी इव्हो घेतली. मुख्य कारण एकच, ट्विस्टलाही न घासणारा सेन्सर. सहा महिने झाले, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कॅलिब्रेशन उघडून हात काढून बघतो (हो, सवयच लागलीय, दुधाने तोंड पोळलंय), रेघ मधोमध गप्प उभी असते. डेडझोन शून्य. हा शून्य किती मोठा आहे ते बारा टक्क्यांवर दिवस काढलेल्यालाच कळेल, लँडिंगला बोटाच्या टोकाने नाक हलतं, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या दरीत वळताना हात थांबला की विमान कलायचं थांबतं.

स्प्रिंग बदलता येतात, आणि दोन्ही मुख्य अ‍ॅक्सिसला एक छोटा क्लच आहे तो आवळला की हालचाल जड होते. मी पहिल्याच दिवशी हावरटासारखा इतका आवळला की स्टिक सोडली तिथेच उभी राहायला लागली, सेंटरला परत येईचना. मला वाटलं झालं, ही पण गेली. नंतर कळलं की हेलिकॉप्टर उडवणारे मुद्दाम तसंच करतात, कारण तिथे स्टिक मधे उडी मारून आलेली नकोच असते. आता सैल करून ठेवलाय. बेस प्लॅस्टिकचा आहे, हातात धातू लागला पाहिजे असं ज्यांना वाटतं ते पहिल्या नजरेत नाक मुरडतील. टेबलाला पक्की बसवा, नुसती ठेवून उडवलं तर डॉगफाइटमध्ये स्टिकबरोबर बेसपण चालतो.

सेटिंगचा प्रोग्राम हा वेगळा विषय आहे. स्टिक लावली की विंडोज तिला लगेच ओळखतं, ड्रायव्हर लागत नाही, बटणांचे प्रोफाइल स्टिकच्या आतच सेव्ह होतात, हे सगळं छान. पण तो प्रोग्राम उघडल्यावर मी पहिल्या संध्याकाळी एअरबसच्या डोक्यावरच्या बटणांनी भरलेल्या ओव्हरहेड पॅनलकडे बघावं तसा बघत बसलो होतो. मॅन्युअल न वाचता हात घातला आणि एक अ‍ॅक्सिस उलटा करून ठेवला, नाक वर म्हणजे खाली. वाचून केलं की होतं. आणि खरं सांगायचं तर साध्या उडवण्याला तो प्रोग्राम उघडायची गरजही नाही.

थ्रॉटल वेगळ्या कंपनीचं, दोन लिव्हरवालं, एअरबससारख्या खाचा असलेलं. आयडल, क्लाइंब, फ्लेक्स, टोगा, म्हणजे इंजिनाच्या पॉवरचे कमी ते जास्त टप्पे. स्क्रीनकडे न बघता नुसत्या टक् अशा आवाजावर पॉवर लावता येते, हे सुख एकदा लागलं की सुटत नाही. पाचव्या आठवड्यात उजवी लिव्हर मेली. मी आधीच्या अनुभवाने तयारीत, व्हिडिओ, बिल, सिरियल, सगळं एकाच मेलमध्ये जोडून पाठवलं. दुसऱ्या दिवशी एका माणसाचं उत्तर, "आतली अमुक केबल सुटली असेल, या फोटोत बाण दाखवलाय, स्क्रूड्रायव्हर चालवता येत असेल तर बघा, नाहीतर पाठवा." उघडलं, सुटलीच होती, दाबली, चालू. बिघाड दोघांचाही झाला, पण एकाचे सात आठवडे आणि दुसऱ्याचे वीस मिनिटं. नाव सांगायचं फार मनात आहे पण नियम म्हणजे नियम.

मात्र थ्रॉटल बिघडलं असं म्हणायच्या आधी दोन गोष्टी बघा, माझा यात एक आठवडा गेलाय. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये थ्रॉटलचा अ‍ॅक्सिस दोन प्रकारे जोडता येतो, एक साधा आणि एक शून्य ते शंभर टक्केवाला. चुकीचा निवडला तर लिव्हर अर्ध्यावर असताना इंजिन आयडल आणि खाली ओढली की रिव्हर्स. दुसरं म्हणजे नवीन काही लावलं की सिम त्याला आपल्या मनाने बटणं आणि अ‍ॅक्सिस वाटून टाकतं. माझ्या स्टिकच्या बेसवर पण एक छोटी थ्रॉटलची लिव्हर आहे, तीही इंजिनला जोडलेली आणि खरं थ्रॉटलपण, दोघांची भांडणं आणि इंजिनाचा आवाज वर-खाली. स्टिकवरची जोडणी काढून टाकली, शांतता.

पेडल अजून घेतलेली नाहीत. घेतली की ट्विस्ट लॉक करून टाकेन, तशी सोय आहे. जुना सेट फेकला नाही, त्याचं थ्रॉटल डाव्या हाताला फ्लॅप आणि स्पॉयलर या विमानाच्या पंखांवरच्या पट्ट्यांना जोडलंय, झकास चालतं.

आणि सेसना अजूनही टेकऑफला डावीकडे ओढते. परवा परत शंका आली म्हणून धावपट्टीवरच सिम थांबवून कॅलिब्रेशन उघडलं, हात काढला, रेघ जागच्या जागी. पंखाच आहे. उजवीकडे पिळलं आणि निघालो.