गॅस नसलेल्या घरात विजेची ऊब: खानापूर तालुक्यातील अकरा महिन्यांचा अनुभव

आमचे घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे आहे. भिंती जांभ्या दगडाच्या, वर खानापुरी कौले आणि घरात माणसे चार: मी, पत्नी, मुलगा आणि ८१ वर्षांची आई. वाटणीत गॅसची जोडणी थोरल्या भावाकडे बेळगावला गेली. सिलिंडरची गाडी मुख्य रस्त्यावरच थांबते आणि तिथून पुढची दीड किलोमीटरची चढण चिखलाची असल्यामुळे आम्ही नवी जोडणी घेतली नाही. स्वयंपाक चुलीवर आणि थोडा इंडक्शनवर होतो. आंघोळीचे पाणी मात्र गेल्या मे महिन्यापर्यंत तांब्याच्या बंबात तापत असे. पावसाळ्यात ओल्या ढलप्यांच्या धुराने आईचा खोकला वाढू लागला, तेव्हा पाणी आणि आईची खोली या दोन्हींसाठी विजेची सोय करावी असे ठरले. जून ते एप्रिल वापरल्यानंतर हे लिहीत आहे.

खरेदीपूर्वी चार पर्याय पाहिले. सौर बंब पहिल्याच फेरीत बाद झाला, कारण आम्हाला गरम पाण्याची सर्वाधिक गरज जून ते सप्टेंबर असते आणि कणकुंबीच्या बाजूने आलेला पाऊस त्या महिन्यांत सूर्य दिसू देत नाही. हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारा हीट पंप हिशेबात सर्वांत सरस होता; एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांची उष्णता मिळते आणि आमच्या हवेत कडाक्याची थंडी नसल्याने तो उत्तम चालला असता. परंतु मला सांगितलेला भाव लाखाच्या वर होता आणि दुरुस्तीला माणूस हुबळीहून येणार होता. गरम हवा देणारा एसी कौलारू घरात लावणे म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य भरण्यासारखे होते. शेवटी २५ लिटरचा, दोन किलोवॅटचा, पाच तारांकनांचा साठवणीचा गीझर आणि आईच्या खोलीसाठी नऊ पाकळ्यांचा तेलाचा हीटर, अशी खरेदी झाली. सोबत प्लगमध्ये बसणारा, वीज मोजणारा एक लहान मीटर घेतला, तो या सगळ्यांत उपयोगी ठरला.

गीझरबद्दल मी समाधानी आहे. २५ लिटर पाणी २१ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे १.१ युनिट वीज लागते आणि विजेचा दाब (व्होल्टेज) पूर्ण असला की ती ३४ मिनिटांत मिळते. विहिरीचे गार पाणी मिसळले की त्यात अडीच बादल्या होतात, म्हणजे चौघांच्या आंघोळीसाठी एकदा पुन्हा तापवावे लागते. मीटरवर रोजचे साधारण सव्वादोन युनिट दिसतात. दिवसभर चालू ठेवून पाहिला तेव्हा आणखी अर्ध्या युनिटाची भर पडली, म्हणून सकाळी लावून बंद करण्याचीच सवय ठेवली आहे.

मात्र दाबाची गोष्ट कोणत्याही दुकानदाराने सांगितली नव्हती. पावसाळ्यात आमच्याकडे संध्याकाळी दाब १८० व्होल्टपर्यंत उतरतो. दाब २३० वरून १८० वर आला की गीझरची ताकद एक पंचमांशाने कमी होईल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते आणि दोन किलोवॅटचा गीझर सव्वा किलोवॅटचा होऊन बसतो. पाणी तापायला जवळजवळ एक तास लागतो. युनिट तेवढेच जातात, फक्त वेळ जातो; तरीही पहिल्या आठवड्यात गीझर बिघडला असे समजून मी उगाच वायरमनला बोलावले.

तो आला ते एका दृष्टीने बरेच झाले. उन्हाळ्याच्या शेवटी नळाला हात लावला की बारीक झिणझिणी येत असे, हे पत्नीने त्याला सांगितले. त्याने तपासले तेव्हा अर्थिंग नावापुरतेच असल्याचे दिसले. आमच्या जांभ्या जमिनीत पाणी थांबत नाही, आणि कोरड्या जमिनीतून विजेला वाट मिळत नाही. त्याने न्हाणीच्या सांडपाण्याच्या बाजूला नवा खड्डा घेऊन कोळसा-मीठ भरले, जागा सतत ओली राहील अशी व्यवस्था केली आणि मुख्य पेटीत, ३० मिलीअँपियर वीज गळली की पुरवठा तोडणारे सुरक्षा-स्विच बसवले. गीझर घेणाऱ्याने हे काम गीझर भिंतीवर चढण्यापूर्वी करून घ्यावे. आम्ही ते नंतर केले आणि कोणाला इजा झाली नाही, हे केवळ नशीब.

तेलाच्या हीटरचा अनुभव संमिश्र आहे, आणि त्यात पहिली चूक माझी होती. आईच्या खोलीत मोठा सॉकेट नव्हता, म्हणून कन्व्हर्टर (मोठा प्लग लहान सॉकेटात बसवणारा जोड) लावून मी तो सहा अँपियरच्या सॉकेटवर चालवला. दोन किलोवॅट म्हणजे जवळपास नऊ अँपियर, हे मला ठाऊक होते आणि तरीही मी ते केले. तिसऱ्या रात्री प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला. पाहतो तर सॉकेटच्या एका भोकाभोवती चहाच्या कपाच्या डागासारखे तपकिरी कडे उमटले होते आणि पिन बोटाला चटका देत होती. दुसऱ्याच दिवशी पेटीपासून वेगळी चार चौरस मिलीमीटरची तार आणि सोळा अँपियरचा सॉकेट घेतला. घराला मंजूर असलेला विजेचा भार वाढवण्याचा अर्जही त्याच आठवड्यात दिला.

डिसेंबरात हीटर ८०० वॅटवर २२ रात्री, दहा ते पाच चालला. तापमापकावर खोली १७ अंशांवरून दोन तासांत जेमतेम १९ वर आली आणि तिथेच अडून राहिली. ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद होताना जो ‘टक्’ असा आवाज येतो, तो त्या महिन्यात मी एकदाही ऐकला नाही, कारण ऊब कौलांच्या फटींतून थेट आभाळात जात होती. विजेचे बिल २६३ युनिटांचे आले.

हा आकडा कर्नाटकातल्या वाचकांना वेगळ्या कारणाने बोचेल. जुलै २०२३ पासूनच्या गृहज्योती योजनेत २०२२-२३ च्या सरासरी वापरावर दहा टक्के वाढवून तेवढी वीज मोफत मिळते. त्या मर्यादेवर पण २०० युनिटांच्या आत राहिलात तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे भरावे लागतात, मात्र २०० ओलांडले की संपूर्ण बिल आपल्या माथी. आमची सरासरी ७४ होती, म्हणून मोफत वाटा ८१. गीझरसह आम्ही १४० च्या आसपास राहतो आणि फरक सुसह्य आहे. तेलाच्या हीटरने एका महिन्यात आम्हाला त्या रेषेपलीकडे ढकलले.

जानेवारीत दोन बदल केले. वाशांखाली जुन्या जाजमांचे छत ताणून बसवले. तेवढ्यावर खोली २१ अंशांपर्यंत जाऊ लागली आणि ‘टक्’ ऐकू आले. दुसरा बदल भाचीने सुचवला. तिने ८० वॅटची, गादीवर अंथरण्याची विजेची चादर आणून दिली. या वस्तूवर माझा अजिबात विश्वास नव्हता. पण आईला उबदार खोली नको होती, तिला गार न लागणारे अंथरूण हवे होते, आणि ते कळायला मला सात महिने लागले. आईला मधुमेह आहे, पायांना चटका समजत नाही, त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने चादर ती झोपण्यापूर्वी तासभर लावतो आणि ती आडवी होण्याआधी प्लग काढून ठेवतो. वर वाकळ असली की ऊब मध्यरात्रीपर्यंत टिकते. महिन्याला तीन युनिटही जात नाहीत. शिवाय पावसात झाड तारेवर पडून करंट गेला तरी इन्व्हर्टरवर ही चादर चालते. गीझर आणि तेलाचा हीटर त्याच्यावर चालण्याचा प्रश्नच नाही.

तेलाचा हीटर आता पहाटे पाच ते सहा, आई जपाला बसते तेवढाच तास लागतो. त्या एका तासासाठी तो चांगला आहे: आवाज नाही, प्रकाश नाही, हवा जळल्यासारखी कोरडी होत नाही. पाकळ्यांवर ओले लुगडे वाळत घालायचा आईचा मोह मात्र आवरता आवरत नाही आणि त्यावरून घरात दर पावसाळी आठवड्याला एकदा तरी वाद होतो. कापड टाकून हीटर झाकणे धोक्याचे आहे. आता शेजारी दोन हातांवर दांडी बांधून दिली आहे, कपडे तिथेही वाळतात.

एप्रिलमध्ये गीझरची टाकी उघडून घेतली. टाकी गंजू नये म्हणून आत जी मॅग्नेशियमची कांडी असते, ती अंगठ्याएवढी होती ती पेन्सिलीएवढी उरली होती आणि खाली राखाडी चोथा साचला होता. बेळगावला भावाच्या घरी बोअरच्या जड पाण्याने तापणाऱ्या नळीवर क्षाराचा थर चढतो. आमचे जांभ्यातले पाणी मऊ आहे, क्षार नाही, पण ते कांडी खाते. नवी बसवून घेतली. वॉरंटीच्या कागदावर याचा उल्लेख बारीक अक्षरांत शेवटच्या पानावर आहे.

बंब मोडीत घातलेला नाही. जुलैत सलग दोन दिवस करंट नव्हता तेव्हा तोच पेटला, आणि यंदाही मिरगापूर्वी सोडणांची (नारळाच्या सालींची) दोन पोती पडवीत कोरडी करून ठेवत आहोत.