प्रोस्टेट बायोप्सी : तयारी आणि नंतरची काळजी उत्तम, रिपोर्ट देण्याची पद्धत मात्र बदला

आमच्या मालकांचं वय 67. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठी करतात ती रक्ततपासणी, साधारण 4 च्या आत असावा म्हणतात, त्यांचा 9 च्या वर आला. गल्लीत तेवढ्यावरच कॅन्सर ठरला. या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मात्र लगेच सुई काढली नाही. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, नुसती वाढली, लघवीला जंतुसंसर्ग झाला, तरी हा आकडा चढतो, हे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आधी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, केली, काही आठवड्यांनी पीएसए पुन्हा बघितला, मग एमआरआय. त्यात पाचपैकी चारचा संशयाचा दर्जा आला, तेव्हाच बायोप्सीचं, म्हणजे सुईनं तुकडे काढून तपासायचं, बोलणं निघालं.

मला सगळ्यात जास्त पटली ती तयारी. मालकांची एंजिओप्लास्टी झालेली आहे, रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या चालू आहेत. ओळखीतल्या एकांनी सांगितलं, "आठवडाभर दोन्ही बंद ठेवा, काही होत नाही." इथे तो निर्णय आमच्यावर सोडलाच नाही. हृदयाच्या डॉक्टरांकडून लेखी मत आणायला लावलं. त्यांच्या सांगण्यावरून क्लोपिडोग्रेल काही दिवस आधी थांबवली आणि ॲस्पिरिन चालूच ठेवली. स्टेंट बसवलेल्या माणसानं गोळ्या मनानं बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ. तुमच्या घरी असा पेशंट असेल तर हे पहिल्याच भेटीत सांगा, ते विचारतील म्हणून थांबू नका. शुगर असेल, कुठल्या अँटिबायोटिकची रिअ‍ॅक्शन येत असेल, तर तेही.

सूचनांचा कागद मराठीत आणि मोठ्या अक्षरात होता. सकाळी एनिमा, हलका नाश्ता, अँटिबायोटिकची गोळी किती वाजता, सोबत कोणीतरी हवं. जागा बधिर करूनच तपासणी होणार होती, त्यामुळे दिवसभर उपाशी राहायची गरज नव्हती. मी तो कागद फ्रीजवर चिकटवला आणि झालेल्या गोष्टीवर खूण करत गेले.

आतलं काम वीसेक मिनिटांत झालं. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. मागच्या वाटेनं सोनोग्राफीची नळी घालतात आणि तिच्या आधारानं सुईनं तुकडे काढतात. नेहमीचे 12 आणि एमआरआयमध्ये संशय आलेल्या जागेतले 2 जादा. प्रत्येक वेळी खट्ट आवाज होतो, आणि सिस्टर त्याआधी "काका, आता आवाज होईल हं" असं सांगायच्या. मालकांचं म्हणणं, बधिर करायचं इंजेक्शन टोचलं तेवढंच दुखलं, बाकी लाज जास्त वाटली. पण अंगावर चादर होती, खोलीत उगाच गर्दी नव्हती.

नंतर सिस्टरांनी मला बोलावून बाटल्यांचा ट्रे दाखवला. प्रत्येक बाटलीवर नाव, उजवी की डावी बाजू, आणि आत द्रावणात दोऱ्याच्या तुकड्यांएवढे पांढुरके नमुने. "काकू, नाव वाचून बघा," म्हणाल्या. मी एकेक बाटली वाचली, मगच त्यांनी सही घेतली. पूर्वी नात्यातल्या एकांचा नमुना आम्हीच पिशवीतून लॅबला पोचवला होता, त्यामुळे ही शिस्त बघून मला फार बरं वाटलं.

लघवी झाल्याशिवाय घरी सोडलं नाही. पहिली लघवी लाल झाली. आधी सांगून ठेवलं नसतं तर माझे हातपाय गळाले असते. दोन-तीन दिवसांत रंग फिका होत गेला. शौचावाटेही थोडं रक्त गेलं, तेही थांबलं. वीर्यात काही आठवडे लालसर किंवा तपकिरी रंग दिसू शकतो, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सरळ शब्दांत सांगितलं. या गोष्टी बायकोपासून लपवून बोलल्या की घरात विनाकारण भीती बसते. असं मोकळं बोलणारे डॉक्टर मला इथेच भेटले.

मालकांचे प्रश्न दोनच होते, मोटारसायकल आणि तांबडा रस्सा. गाडी आणि ओझं आठवडाभर बंद. रस्सा चालेल, पण बद्धकोष्ठ होऊन जोर करावा लागता कामा नये, म्हणून मी ते दिवस मुगाची खिचडी, ताक आणि भरपूर पाणी यांवरच काढले. रंकाळ्याचा फेरा सावकाश पायी चालू होता. घरी नेताना रिक्षा नको, आपल्या रस्त्यांवर हादरे बसतात. भाच्याची कार बोलावली ते बरं झालं.

एका रात्री त्यांना गार वाटायला लागलं. ताप नव्हता, तरी मी कागदावरच्या नंबरवर फोन लावला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी उचलला आणि विचारलं, हुडहुडी भरते का, लघवी होते का, लघवीत रक्ताच्या गाठी पडतात का. 100.4 च्या वर ताप गेला किंवा थंडी वाजून आली तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका, तडक या, जंतू रक्तात पसरू शकतात, असं बजावलं. पुन्हा तासाभरानं त्यांनी स्वतःहून फोन केला. एवढ्यासाठी मी या हॉस्पिटलला कितीही दुवा देईन.

आता तक्रार. रिपोर्ट आला तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं उघडा कागद हातात दिला आणि डॉक्टर ओपीडीत आहेत, बसा म्हणाली. त्यावर इंग्रजीत कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर, लिहिलेलं. चार माणसांसमोर मालकांनी ते वाचलं आणि खुर्चीवर बसले ते बोलेचनात. आत जायला बराच वेळ लागला. आत गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, ग्लीसन, म्हणजे कॅन्सर किती जोराचा आहे त्याचा आकडा, 3+3 म्हणजे 6, दोनच तुकड्यांत, सगळ्यात सौम्य गटातला. अशा वेळी बहुतेकदा लगेच ऑपरेशन न करता लक्ष ठेवतात, म्हणजे ठरावीक महिन्यांनी पीएसए, गरजेप्रमाणे पुन्हा एमआरआय आणि बायोप्सी. हे ऐकून जिवात जीव आला, पण मधला तो वेळ त्या माणसावर यायलाच नको होता. असा रिपोर्ट बंद पाकिटात, डॉक्टरांच्या खोलीत, डॉक्टरांच्याच हातून मिळायला हवा.

बिल आधी सांगितलं तेवढंच झालं. पॅथॉलॉजीचे पैसे वेगळे पडतात, तेवढे धरून जा. पुढची पीएसए तपासणी आम्ही इथेच करणार आहोत. त्याआधी व्यवस्थापनानं काउंटरची ही पद्धत बदलावी, एवढी कळकळीची विनंती.