आडवी बाटली की जिल्हाबंदी: गावाने कोणता रस्ता धरावा?

दारूचा त्रास हाताबाहेर गेला की ग्रामसभेत दोन मागण्या पुढे येतात: दुकान बंद करा, किंवा अख्ख्या जिल्ह्यात दारूबंदी करा. दोन्हींचं मूळ एकच, 1949 चा दारूबंदी कायदा. 1950 मध्ये मुंबई राज्यात सरसकट बंदी आली. 1960 ला राज्य वेगळं झाल्यावर गुजरातने ती टिकवली, महाराष्ट्राने परवाने सैल करत नेले आणि 1973 मध्ये देशी दारूची नियमावली केली. कायदा मात्र तोच राहिला. त्यात बंदी हा नियम आहे आणि विक्री हा परवान्याने दिलेला अपवाद. म्हणूनच हा अपवाद काढून घ्यायची मागणी गाव हक्काने करू शकतं.

दुकान बंद करायचा रस्ता म्हणजे मतदान, आणि तो गावाच्या हातातला आहे. 2008 च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन द्यायचं. राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्या पडताळतो, मग गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी म्हणजे दुकान बंद.

गणित आधीच मांडून ठेवा. 1,200 महिला मतदार असतील तर 300 सह्या पुरतात, पण 360 तरी गोळा करा. यादीत एक नाव आणि सही दुसऱ्याच नावाने, अशा सह्या पडताळणीत गळतात. खरी ठेच पुढे लागते. निम्म्याहून जास्त मतं हवीत ती यादीतल्या एकूण महिलांच्या, आलेल्यांच्या नव्हे. म्हणजे 601. सातशे जणी आल्या आणि 590 जणींनी आडवी बाटली निवडली, तरी दुकान चालूच राहतं. घरी राहिलेली, ऊसतोडीला गेलेली, सासरी गेल्यावरही यादीत राहिलेली बाई नकळत उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते. म्हणून यादी आधी दुरुस्त करून घ्या आणि मजुरीच्या हंगामात मतदान येऊ देऊ नका.

जिल्हाबंदी सरकार करतं, आणि सरकारच उठवू शकतं. वर्धा सत्तरच्या दशकापासून बंदीत आहे, गडचिरोली 1993 पासून. चंद्रपुरात बायकांच्या दीर्घ लढ्यानंतर एप्रिल 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. वर्षानुवर्षं मोर्चात चाललेल्या बायकांसाठी हा निर्णय फार जिव्हारी लागणारा होता. जिल्हाबंदीचा मोठा फायदा असा की शेजारच्या गावातलं दुकानही जातं. मतदानाने दुकान बंद केलं तर पिणारा चार किलोमीटरवर जाऊन पितो. पण जिल्ह्याची हद्द मोठी असते. शेजारच्या जिल्ह्यातून पेट्या येत राहतात, आणि पोलीस ठाण्यातलं मनुष्यबळ आहे तेवढंच असतं.

आमचं मत स्पष्ट आहे. गावात परवान्याचं दुकान असेल तर आधी मतदान. जिल्हाबंदीची मागणी जरूर लावून धरा, पण तिच्या भरवशावर मतदान लांबवू नका.

त्रास हातभट्टीचा असेल तर मात्र मतदान कामाचं नाही, कारण तिथे रद्द करायला परवानाच नसतो. तिथे गावकऱ्यांचं ग्रामरक्षक दल उभं करा, याच कायद्याच्या कलम 65 खाली गुन्हे नोंदवायला लावा आणि सराईत विक्रेत्याकडून कलम 93 खाली चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र, म्हणजे लेखी हमी, घेण्याची मागणी करा. नाल्याकाठी पुरलेले मोहाच्या किंवा गुळाच्या सडव्याचे, म्हणजे दारू गाळण्यासाठी आंबवत ठेवलेल्या मिश्रणाचे, ड्रम सापडले की बायका रागाने ते तिथेच ओततात. राग रास्त आहे, पण पुरावाही मातीत जातो. आधी पोलिसांना बोलवा, पंचनामा करून घ्या, नमुन्याच्या बाटल्या पंचांसमोर सीलबंद होऊ द्या. उरलेला सडवा मग त्यांच्यादेखत ओता.