फेट सिम्युलेशन: तोफ डागण्याआधी वहीत अंदाज लिहून घ्या

अकरावी सायन्सला फिजिक्स शिकवते. यंदा प्रोजेक्टाइल मोशन (फेकलेल्या वस्तूची गती) फेटच्या सिम्युलेशनवर घेतलं, त्याचा हा अनुभव. फेट (PhET) म्हणजे स्क्रीनवर आकडे बदलून प्रयोग करून बघायची वेबसाइट. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली ती सुरू केली; आदल्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं होतं. सगळं फुकट, लॉगिनची कटकट नाही, मोबाइलवरही चालतं. मराठीतलीही सिम्युलेशन्स आहेत.

सिम्युलेशनमधली तोफ १० मीटर उंचीवर ठेवली, वेग सेकंदाला १५ मीटर. कुठल्या कोनात गोळा सर्वांत लांब जाईल? अख्खा वर्ग एका सुरात: ४५! डागला, ३०.५ मीटर. मग ३५ अंशांवर डागला, तर ३१.४. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, फॉर्म्युलाच गंडला की!"

गंडला नव्हता. गोळा सुटला त्याच पातळीवर पडणार असेल तरच ४५ अंशांचा नियम लागू होतो, पण पाठ करताना ती ओळ कुणी वाचते का! उत्तराच्या जवळ पोचली ती गोळाफेक खेळणारी मुलगी. "आमचे सर ४५ च्या खालीच फेकायला लावतात." का, ते तिला सांगता येईना, हाताला मात्र ठाऊक होतं. (गोळाफेकीत ताकदीचाही हिशोब असतो, तो तूर्त बाजूला ठेवला.) उंचीमुळे हवेत राहायला वेळ आयताच मिळतो, मग वेग वर कशाला खर्च करायचा? पुढे लावा. हे पटल्यावरच खडू उचलला. टॅन थीटा बरोबर वेग भागिले, वेगाचा वर्ग अधिक दोन जी एच यांचं वर्गमूळ (थीटा म्हणजे कोन, जी म्हणजे गुरुत्वत्वरण, एच म्हणजे उंची). आकडे घातले, ३६ अंश आले. उंचीच्या जागी शून्य घातला आणि ४५ परत हजर! तेव्हा मघाचा बाकवाला गप्प झाला.

एक सांगते. गेल्या वर्षी मी नुसतेच मोबाइल हातात दिले होते. पोरांनी लक्ष्यावर लागेपर्यंत धडाधड गोळे सोडले, स्टार मिळवले आणि परीक्षेत त्याच गणितावर कोरी पानं दिली. चूक माझीच. आता आधी पेन्सिलने अंदाज, मग आकडेमोड, मग तोफ. अंदाज खोडायचा नाही, चुकला तरी.

परवा तास संपता संपता एकाने हवेचा रोध चालू केला. गोळा अलीकडेच पडला. "आता किती अंश?" म्हणून बोली सुरू झाली, २५, ३०, ४०... तेवढ्यात बेल झाली.