‘एका दिवसात पावनखिंड’ म्हणणाऱ्याला पैसे पाठवण्याआधी हे वाचा

जुलै लागला की कोल्हापुरात पन्हाळा-पावनखिंडीचा विषय निघतोच. यंदा मुलीची दहावी झाली म्हणून तिनं हट्टच धरला. त्याच आठवड्यात भिशीच्या ग्रुपवर एक पोस्टर आलं. ‘राजांनी एका रात्रीत कापलं, तुम्ही एका दिवसात चाला. माणशी ९९९ रुपये. प्रवास, नाश्ता, जेवण, अनुभवी गाइड, विमा, सगळं त्यात.’ पोस्टरवर बाजीप्रभूंचं चित्र होतं. ते चित्र बघून मी फार विचार केला नाही, हे खरं आहे. आम्ही दोघं, दोन मुलं, मेहुणा आणि त्याचा मुलगा, असे सहा जणांचे ५,९९४ रुपये त्याच रात्री फोनवरून पाठवले.

रविवारी पहाटे पाचला दसरा चौकात थांबायचं होतं. गाडी आली पावणेसातला. पन्हाळ्यावर नाश्ता म्हणून दोन-दोन केळी आणि एकेक बिस्किटाचा पुडा हातात पडला. गडाच्या राजदिंडी दरवाजातून उतरायला लागलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. गाइड म्हणून आलेला पोरगा विशीतला, कॉलेजात शिकणारा. बरोबर आम्ही तेवीस जण.

मसाई पठारावर धुकं इतकं दाटलं की पाच पावलांवरचा माणूस दिसेना. पठार सपाट, सगळीकडं जांभा दगड आणि ओलं गवत, खुणेला एक झाड नाही. पोरगा थांबला. फोन वर धरून इकडं-तिकडं फिरू लागला. मी जवळ जाऊन पाहिलं, तर पडद्यावर नकाशाची नुसती पांढरी चौकट, वर ‘नेटवर्क नाही’. वाटेचा नकाशा आधी फोनमध्ये उतरवून घ्यायचा असतो हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं. विचारल्यावर त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, “काका, मी पठाराच्या पुढं कधी गेलोच नाही. मला पाचशे रुपये देतो म्हणालेत.” त्याच्यावर माझा राग नाही, तोही फसलेलाच होता.

तासभर चकवा लागल्यासारखे फिरलो आणि कसेबसे कुंभारवाडीत उतरलो. दोन वाजून गेले होते. बांधावर इरलं पांघरून एक आजोबा बसले होते. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“कुठं निघालाय पावणं?”

“पावनखिंडीत.”

“आज? आवं, दोन दिस लागत्यात चालायला. समदी करपेवाडीकडं मुक्काम करत्यात आन् दुसऱ्या दिवशी खिंडीत जात्यात. ही ल्हान पोरं घिऊन कुठं अंधारात जाताय?”

तिथं माझ्या डोक्यात हिशेब झाला. तो घरी बसून पाच मिनिटांत झाला असता. वाट पन्नास किलोमीटरच्या आसपास. चिखलात, ओढे ओलांडत, मुलांना घेऊन तासाला तीन किलोमीटर झाले तरी पुष्कळ, म्हणजे न थांबता सोळा-सतरा तास. जुलैत उजेड जेमतेम तेरा तासांचा, आणि आम्ही निघालो सव्वानऊला! १६६० च्या त्या रात्री महाराजांबरोबर होते ते मावळे, जन्मभर हेच डोंगर तुडवलेले. त्यांच्या पराक्रमाचं नाव घेऊन कुणी दहावीच्या पोरीला असं रानात सोडावं, याची चीड अजून जात नाही.

परतीची गाडी खिंडीजवळ उभी असेल असं कबूल केलं होतं. रेंज आल्यावर ड्रायव्हरला फोन लावला. तो म्हणाला, “साहेब, माझं भाडं पन्हाळ्यापर्यंतच ठरलं होतं. परतीचं बोलणंच नव्हतं.” म्हणजे आम्ही पठारावरून मागं फिरणार, आपापल्या खर्चानं घरी जाणार, हे आयोजकानं आधीच धरलं होतं. जेवण कुठं बनलंच नव्हतं. त्याचा फोन बंद. आजोबांच्या घरच्यांनी सगळ्यांना चहा दिला, त्यांच्या मुलानं दुधाच्या टेम्पोतून दोन खेपा करून मुख्य रस्त्याला सोडलं. डिझेलचेसुद्धा पैसे घेईनात, बळंच खिशात घातले.

दुसऱ्या दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. विम्याची पॉलिसी दाखवा म्हटल्यावर आयोजकानं आम्हाला ट्रेकच्या ग्रुपमधून काढून टाकलं.

आता आम्ही कुठंही निघायच्या आधी वाटेतल्या गावांची नावं क्रमानं लिहून काढतो. शेवटच्या गावातून परतीची एसटी किती वाजता आहे ते आगारात विचारतो, आणि दुपारी एकला जिथं असू तिथून मागं फिरायचं हे घरातच ठरवतो. पैसे घेणाऱ्याला मुक्काम कुठं, गाइड याआधी या वाटेनं कधी गेला, पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी आहे का, हे विचारायचं. खरा माणूस असल्या प्रश्नांवर चिडत नाही.

काल संध्याकाळी तेच पोस्टर पुन्हा आलं. चित्र तेच, नंबर नवा, दर १,१९९, तारीख येत्या रविवारची. तुमच्याकडं आलं असेल तर पैसे पाठवू नका, आणि पुढं कुणाला पाठवण्याआधी हा मजकूर त्याच्यासोबत जोडा.