मरीन टँकला आधी काय घ्यावं: ऑटो टॉप-ऑफ की आपोआप पाणी बदलणारा पंप?

सांगलीत मार्च संपत आला की माझ्या समुद्री माशांच्या टाकीतलं पाणी रोज दोन लिटर उडतं. सम्प (खालची फिल्टरची टाकी) धरून टाकी २०० लिटरची आहे. काल पाणी जिथवर होतं तिथं सकाळी काचेवर मिठाची पांढरी रेघ दिसते. उडतं ते फक्त पाणी, मीठ आतच राहतं. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी घालायचं, हेच टॉप-ऑफ. पाणी बदलताना मात्र जेवढं खारं काढलं तेवढंच खारं परत घालायचं. कामं दोन, यंत्रंही दोन. पैसे एकाच यंत्रापुरते असतील तर आधी टॉप-ऑफ घ्या, असं माझं ठाम मत आहे.

हिशेब साधा आहे. उन्हाळ्यात पाच दिवस पाणी घातलं नाही तर दहा लिटर कमी होतं आणि ३५ची सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा, हजार भागांत मिठाचे भाग) जवळपास ३७वर जाते. मासे एक वेळ सोसतात, पण कोरल (प्रवाळ) मिटायला लागतात. पाणी बदलायला आठवडा उशीर झाला, तर बेताचे मासे असलेल्या टाकीत सहसा काही बिघडत नाही. रोजची निकड भरणीची आहे.

टॉप-ऑफमध्ये सगळ्यात स्वस्त म्हणजे आपल्या गच्चीवरच्या टाकीत असतो तसला छोटा बॉल कॉक. वरच्या कॅनमधून पाणी आपल्या भारानं उतरतं, लाईट गेली तरी काम चालू. पण त्याच्या बिजागरीवर मीठ साचतं आणि तो अडकतो. दुसरा प्रकार सेन्सर आणि छोट्या १२ व्होल्टच्या पंपाचा. फ्लोट स्विचचा सेट मी वापरला आणि एका रात्री त्याच्या तरंगत्या भागावर गोगलगाय चढून बसली. फ्लोट खाली दबलेला, पंप चालूच. २० लिटरचा अख्खा जार सम्पमध्ये रिकामा झाला आणि सॅलिनिटी ३२च्याही खाली आली. वाढीव पाणी काढून टाकलं, मग उडालेल्याच्या जागी रोज खारं पाणी घालत ती ३५वर आणायला नऊ-दहा दिवस लागले. तेवढे दिवस झोअँथिड (कोरलसारखे प्राणी) उघडले नाहीत. तेव्हापासून दोन सेन्सर आणि ठरावीक वेळेनंतर पंप बंद करणारी सोय असलेलाच सेट घ्या, असं मी सगळ्यांना सांगतो. माझा साठा आता १० लिटरचाच आहे. तो सगळा ओतला गेला तरी सॅलिनिटी ३३च्या खाली जात नाही, आणि पाच दिवस पुरतो. आरओची लाईन थेट टाकीला जोडू नका, तिथं साठ्याला अंतच नसतो. घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी चालेल का, असं बरेच जण विचारतात. त्यात थोडा टीडीएस (विरघळलेले क्षार) उरतो, म्हणून पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावून मीटरवर शून्य दिसू द्या.

आता पाणी बदलण्याचं यंत्र. मिरजेच्या दवाखान्यात डायलिसिसचं मशीन जवळून पाहिलं असेल, तर हा पंप ओळखीचा वाटेल. रोलर फिरतो, नळी दाबतो, पाणी पुढे सरकतं. एक हेड (रोलर आणि नळीची जोडी) जुनं पाणी काढतं, दुसरं नवं घालतं. रोज एक लिटरप्रमाणे महिन्यात ३० लिटर पाणी फिरतं, आणि एकदम ३० लिटर बदलण्याच्या तुलनेत फायदा थोडासाच कमी मिळतो. माशांना धक्का बसत नाही, कंबरही वाचते.

खोट नळीत आहे. दोन्ही नळ्या सारख्या झिजत नाहीत. समजा रोज दोन लिटर बाहेर जातं आणि १.९ लिटरच आत येतं. उरलेले १०० मिलि टॉप-ऑफ गोड्या पाण्यानं भरून टाकतो. पातळी जागच्या जागी दिसते, पण महिन्यात तीन लिटर खारं पाणी गेलेलं असतं आणि सॅलिनिटी अर्ध्या अंकानं उतरते. डोळ्याला काहीच कळत नाही. म्हणून दर महिन्याला दोन्ही हेडचं पाणी मापाच्या नळकांड्यात मोजायचं आणि दर आठवड्याला रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) लावायचा. दोन वेगवेगळे पंप दोन टायमरवर लावण्यापेक्षा एकाच मशीनची दोन हेड बरी. लाईट गेली तर दोन्ही एकदमच थांबतात.

शिवाय नवं पाणी काही आपोआप तयार होत नाही. समुद्र घाटाखाली रत्नागिरीला, त्यामुळे २० लिटरला साधारण ७०० ग्रॅम मीठ आपणच ढवळायचं. टाकी चारशे-पाचशे लिटरची असेल, पाठीचा त्रास असेल किंवा कामासाठी सारखं बाहेरगावी जावं लागत असेल, तर हे यंत्र जरूर घ्या. दोनशे लिटरपर्यंत दर पंधरा दिवसांनी रविवारी पाइप आणि बादली घेऊन बसणं मला जास्त भरवशाचं वाटतं. त्या अर्ध्या तासात टाकी नीट पाहिलीही जाते.

काहीही घेतलंत तरी ते सुट्टीच्या दिवशी सकाळी लावा. फ्लोट बोटानं दाबून धरा आणि पंप स्वतःहून कधी थांबतो ते घड्याळ लावून पाहा. टॉप-ऑफच्या नळीचं तोंड सम्पच्या आणि साठ्याच्याही पाण्याच्या पातळीच्या वर आहे ना, हेही बघा. ते त्याखाली असेल तर पंप थांबल्यावरही सायफन होऊन पाणी वाहत राहतं.